रेषेची जाडी

ज्या मनुष्याने आयुष्याची एकतीस वर्षे, रेषेला लांबी असते परंतु रुंदी नसते, हे तत्त्व आठवीच्या वर्गाला छातीठोकपणे सांगण्यात घालविली, त्या मनुष्याला सेवानिवृत्तीनंतर, आणि तीही स्वतःच्या मालकीच्या जमिनीत, पाच मीटर रुंदीची रेषा आडवी यावी, हा नियतीचा विनोद समजावा की नगररचना खात्याचा, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

जमीन म्हणजे काही संस्थान नव्हे. पंधरा मीटर रुंद आणि तीस मीटर लांब असा, साडेचार गुंठ्यांना किंचित कमी भरणारा तो एक तुकडा आहे. माझ्या वडिलांनी तो १९४६ साली घेतला आणि पुढच्याच वर्षी तुकडेबंदीचा कायदा आला. त्यामुळे वडिलांच्या दूरदृष्टीची आमच्या कुळात पुष्कळ वर्षे वाखाणणी होत असे. वस्तुस्थिती एवढीच होती की, हातउसने दिलेले पैसे परत न करणाऱ्या एका स्नेह्याकडून पैशांऐवजी माती पदरात पडली. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या आहेत त्या अशा: पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस विकणाराचे राहिलेले शेत आणि उत्तरेस वाकडी बाभळ. पैकी ओढा नळात गेला, गाडीवाट डांबराखाली गेली, शेताची सहामजली इमारत झाली आणि बाभळ कोणाच्या चुलीत गेली हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. आम्ही शहरात राहावयास गेलो नाही. शहरच एके दिवशी हद्दवाढीचा हुकूम हातात घेऊन आमच्याकडे राहावयास आले.

त्या जागेवर दोन खोल्या बांधाव्यात, अशी सूचना आमच्या घरातून गेली बावीस वर्षे नियमितपणे होत असे आणि मी ती तितक्याच नियमितपणे तहकूब ठेवीत असे. अखेर मी मान्यता दिली तेव्हा, पूर्वीच्या काळी लोक दरवाजा कोणत्या दिशेला आणि वास्तुशांत केव्हा असे विचारीत तसे काही विचारतील या अपेक्षेने मी ही वार्ता चारचौघांत सांगितली, परंतु न्हाव्यापासून डॉक्टरांपर्यंत एकूण एक माणसाने डोळे बारीक करून एकच प्रश्न केला, "झोन कोणता?" मला रेल्वेचे झोन ठाऊक होते. जमिनीला झोन असतो आणि तो तिच्या मालकाला ठाऊक नसणे हे स्वतःचे गोत्र ठाऊक नसण्याइतके लाजिरवाणे असते, हे ज्ञान मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी झाले.

या विषयात माझा पहिला गुरू माझाच एक शिष्य. भूमितीच्या वार्षिक परीक्षेत शंभरापैकी सात गुण मिळविण्याचा त्याचा विक्रम माझ्या कारकिर्दीत अबाधित राहिला. पुढे तो जमिनीच्या दलालीत शिरला आणि आज त्याच्या मोटारीला मागे पाहण्याचा कॅमेरा आहे. त्याने मला प्रथम रंग शिकविले. शहराच्या विकास आराखड्यात रहिवास विभाग पिवळा, व्यापाराचा निळा, कारखान्यांचा जांभळा आणि शेतीचा हिरवा. परंतु दलालाच्या तोंडी हे रंग नामे नसून क्रियापदे असतात. "सर, हे सगळं पुढच्या आराखड्यात पिवळं होणार," असे तो ओसाड माळाकडे हात करून अशा स्वरात म्हणतो की, जणू आढीतला आंबाच पिकत घातला आहे. हिरवी जमीन ही त्याच्या लेखी उपवर मुलगी. तिचे हात पिवळे होईपर्यंत बापाच्या डोळ्याला डोळा लागावयाचा नाही. ज्या देशात हिरव्यागार शेताकडे पाहून कवींना कंठ फुटत असे, त्या देशात हिरवा रंग ऐकताच खातेदाराचा कंठ दाटून यावा, हा बदल कसा घडला हे कोणा भाषाशास्त्रज्ञाने अवश्य अभ्यासावे.

याखेरीज नकाशावर नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर पोहोचेल तेथवर निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोहोचेल तेथवर लाल. नद्यांना हा नकाशा कोणी दाखविला आहे की नाही, याविषयी मात्र अलीकडे शंका घेण्यास जागा आहे.

झोनचा दाखला काढावयास मी ज्या कार्यालयात गेलो त्याचा नामनिर्देश मी करणार नाही, कारण तेथील मंडळी सौजन्याने वागली आणि सौजन्याची परतफेड बदनामीने करणे शोभणारे नाही. तेथील आरेखकांनी माझ्या हातातला सातबारा आणि मोजणीची नक्कल घेतली, कपाटातून गुंडाळीचा भाग नकाशा काढला, त्याच्या चार कोपऱ्यांवर अनुक्रमे पंचिंग मशीन, पाण्याची बाटली, एक जुनी नियमावली आणि माझा चष्म्याचा डबा ठेवला, आणि डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ स्तब्ध राहिले. क्ष-किरणांचे चित्र उजेडाकडे धरून डॉक्टर जसे स्तब्ध राहतात तसे.

"काका, तुमचं अर्धं पिवळं आहे, अर्धं हिरवं."

"नेमकं किती?"

"ते नकाशावरून कसं सांगणार?"

"मग कशावरून?"

"मोजणीवरून."

"आणि मोजणीवाले पिवळं-हिरवं कशावरून ठरवणार?"

"नकाशावरून," ते म्हणाले, आणि त्यांनी भिंग माझ्या हाती दिले.

भिंगातून मी जे पाहिले ते सविस्तर सांगितले पाहिजे. त्या नकाशाचे प्रमाण एकास दहा हजार होते. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचे दहा मीटर. या हिशेबाने माझी वडिलोपार्जित इस्टेट दीड मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर लांब, तांदळाच्या कणीएवढी होती. तिच्या मधोमध, पूर्व-पश्चिम, पिवळ्या आणि हिरव्या विभागांची हद्द दाखविणारी काळी रेषा गेली होती. रेषा सुबक होती, आखणाऱ्याचा हात स्थिर असावा; परंतु कितीही सुबक झाली तरी ती शाईची होती आणि शाईच्या रेषेला जाडी असते. मी कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिली. अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे पाच मीटर. पाच मीटर गुणिले पंधरा मीटर म्हणजे पंचाहत्तर चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठा. एक मध्यमवर्गीय कुटुंब दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरासह सुखाने नांदू शकेल एवढी माझी जमीन ना पिवळ्या भागात होती ना हिरव्या. ती शाईखाली होती.

"ही रेषेखालची जागा कोणाची?" मी विचारले.

"तुमचीच की."

"तिचा झोन कोणता?"

आरेखकांनी पुन्हा भिंग लावले, प्रामाणिकपणे पुष्कळ वेळ पाहिले, आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "साहेब रजेवर आहेत."

ही हकीगत मी शिष्याला सांगितली तेव्हा तो हसला नाही. "सर, तुम्ही शिकवलं तेव्हाच मला पटलं नव्हतं," तो गंभीरपणे म्हणाला. "रेषेला जाडी असते. त्या जाडीवरच तर आमचं पोट आहे." सात गुण दिल्याचा मला प्रथमच पश्चात्ताप झाला.

युक्लिडचा आणि या प्रकरणाचा संबंध केवळ माझ्या डोक्यात आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत ओहायो प्रांतात, इरी सरोवराच्या काठी, युक्लिड याच नावाचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो मुलूख मोजावयास आलेल्या मोजणीदारांनी आपल्या विद्येच्या आद्य आचार्याचे स्मरण म्हणून ते नाव ठेवले. या गावाने १९२२ साली आपल्या हद्दीचे विभाग पाडून येथे राहावे, येथे दुकान मांडावे, येथे कारखाना काढावा असा नियम केला. एका जमीन-कंपनीच्या अडुसष्ट एकरांना त्याची झळ लागली, दावा तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२६ साली गावाच्या बाजूने निकाल झाला. तेव्हापासून वापरानुसार जमिनीचे असे कप्पे करण्याच्या पद्धतीला तिकडचे नगररचनाकार 'युक्लिडीय' म्हणतात. म्हणजे ज्या महात्म्याने रुंदी नसलेली रेषा जगाला दिली, त्याच्याच नावाने जगातील सर्वांत रुंद रेषा ओळखल्या जातात.

आमच्याकडे हे सारे सात समुद्रांपलीकडून आले आणि पूर्वी आमची गावे कशीही वाढत, असा समज असणाऱ्यांनी पुण्याच्या कसबा पेठेतून एकदा पायी जावे. तांबट आळी, बुरुड आळी, कुंभारवाडा. कोणत्या गल्लीत काय चालते हे सांगण्यासाठी तेथे रंगीत नकाशाची गरज नव्हती. तांबट आळीत शिरण्यापूर्वी शंभर पावले अलीकडेच हातोड्यांचा ठोका कानांवर पडे. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची झाली की सरकारातून कौल मिळे, वसणाऱ्या उदमी लोकांना काही वर्षे कर माफ होई आणि व्यवस्थेसाठी शेटे-महाजन नेमले जात. रस्ते, गल्ल्या आणि घरे यांवर देखरेख ठेवणे, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे ही कामे कोतवालाच्या चावडीकडे असत. मात्र जुने ते सोने म्हणून उसासे टाकण्याचा हा विषय नाही. त्या व्यवस्थेत धंद्याची जागा ठरे ती जातीबरोबर, आणि ज्यांचे काम सर्वांत आवश्यक आणि सर्वांत दुर्गंधीचे त्यांची घरे वेशीबाहेर ठेवली जात. ती रेषा कोणत्याही नकाशावर नव्हती आणि तिची जाडी मोजण्यास कोणतीही पट्टी पुरली नसती. सरकारी शाईची रेषा निदान अर्ज करून सरकविता येते.

आणि नियमांचे नुसते हसे करणेही न्यायाचे होणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांतून माणसे किडामुंगीसारखी मेली, आणि १८९८ साली तेथे शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी खोलीत उजेड किती यावा याचा एक नियम हिरिरीने पुरस्कारिला: भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर पाहिले असता समोरच्या इमारतीने आकाश झाकता कामा नये. साडेत्रेसष्टच का, साठ किंवा पासष्ट का नव्हे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. मला पडला नाही. या कोनाचा स्पर्शक जवळजवळ नेमका दोन येतो. म्हणजे समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून इमारत उंच नसावी, एवढाच त्याचा सरळ अर्थ. आयुष्यभर त्रिकोणमितीचा उपयोग काय असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी टेकडीची उंची काढता येते असे उत्तर देत असे आणि त्यांपैकी एकालाही पुढे टेकडीची उंची काढण्याची वेळ आली नाही. साडेत्रेसष्ट अंशांत एका कुटुंबाच्या वाट्याचा सूर्यप्रकाश मावतो, हे मला तेव्हा ठाऊक असते तर फळ्यावरचा खडू कारणी लागला असता.

पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, आणि आज आपल्या राज्यात जो चालतो तो १९६६ सालचा. त्याखाली दर शहराने आपला आराखडा करावा आणि वीस वर्षांतून एकदा तो सुधारावा अशी योजना आहे. या कायद्याच्या छायेत २०२० साली, मुंबई वगळून राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी, जी एकच नियमावली निघाली तिचे नाव 'एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली'. एकाच हाताने लगाम ओढावा आणि त्याच हाताने चाबूक मारावा, तेव्हा घोड्याला जो बोध होतो तो मला हे नाव वाचून झाला. तरी ती मी वाचली. निवृत्त मनुष्य काय वाटेल ते वाचू शकतो.

तिच्यातील मराठी मात्र मला अनपेक्षितपणे घरची वाटली. भूखंडाच्या कडेने जी जागा मोकळी सोडावयाची तिला 'सामासिक अंतर' म्हणतात. वहीला समास सोडा, समास सोडा, असे मी दहा हजार वेळा तरी ओरडलो असेन. घरालाही समास सोडावा लागतो हे त्या वेळी माहीत असते तर वर्गातील निम्मी मुले आज कायद्याच्या कचाट्यात सापडली नसती. जमिनीच्या किती पट बांधता येईल हे सांगणाऱ्या आकड्याला 'चटईक्षेत्र निर्देशांक' म्हणतात. हा शब्द ज्याने घडविला तो सरकारी नोकर असला तरी मनाने कवी असला पाहिजे. सर्व मजल्यांवर मिळून चटया किती अंथराव्यात, यावर शहराचे राजकारण, बांधकाम व्यावसायिकांची मने आणि सरकारची गंगाजळी अवलंबून असावी, आणि प्रत्यक्ष त्या घरांतून चटई मात्र एकही नसावी! बांधून झाले की राहण्याची परवानगी मिळते, तिचे नाव 'भोगवटा'. त्यातील पहिली दोन अक्षरे अर्जदाराच्या अनुभवातून आली असावीत.

परंतु नियमावलीचा खरा कस लागतो तो रहिवास विभागात काय चालावे या प्रश्नापाशी. रहिवास म्हणजे राहणे, हे वरवर पाहता निर्विवाद आहे. अरुंद रस्त्यावरचा रहिवास आणि रुंद रस्त्यावरचा रहिवास असे तिने त्याचे दोन वर्ण केले आहेत. पहिल्यात घरगुती उद्योग, डॉक्टर-वकिलांची स्वतःच्या घरातली खोली असे सौम्य व्यवहार चालतात, दुसऱ्यात दुकानांना बरीच मुभा आहे. आता आमची सध्याची गल्ली, जेथे मी भाड्याने राहतो ती, अस्सल पिवळी आहे. तिच्यात एक पाळणाघर, दोन शिकवण्या, पोळीभाजी केंद्र, ब्लाऊज शिवून देणाऱ्या एक बाई, दातांचा दवाखाना, सत्यनारायणाचे साहित्य आणि विम्याचे हप्ते एकाच खिडकीतून देणारे-घेणारे एक गृहस्थ, आणि पिठाची गिरणी आहे. केवळ राहण्याचा वापर करणारा असा त्या गल्लीत मी एकटा; आणि माझ्याकडे लोक, हे दिवसभर करतात तरी काय, अशा संशयाने पाहतात.

गिरणीची हकीगत सांगण्यासारखी आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी गिरणीच्या भिंतीला भिंत लावून राहतात. गिरणीच्या हादऱ्यांनी कपाटातील कपबशा सरकतात, अशी सात मुद्द्यांची तक्रार त्यांनी केली आणि चौकशीसाठी, दिवाळीला बारा दिवस असताना, एक निरीक्षक आले. गिरणीच्या दाराशी डब्यांची रांग भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. निरीक्षकांनी तळमजला पाहिला, मोटारीची अश्वशक्ती टिपली आणि मर्यादेत असलेली तळमजल्यावरची गिरणी येथे चालू शकते असे सांगितले. शेजाऱ्यांनी हरकत नोंदवावयास तोंड उघडले, तोच त्यांच्या सूनबाई चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन आल्या आणि मागून आल्या असूनही, "मामा, आमचं आधी घ्या हो, सासरे आत साहेबांशी बोलतायत," म्हणून पुढे झाल्या. निरीक्षकांनी वही मिटली. शेजारी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग अत्यंत समंजस सुरात म्हणाले, "बंद करा असं मी कुठं म्हणतो? दिवाळीनंतर बघा."

त्या दिवशी माझे लक्ष गिरणीच्या भिंतीवरील पाटीकडे गेले. 'सकाळी ११ पर्यंत फक्त गहू. नंतर ज्वारी, बाजरी. तांदूळ, डाळ वेगळ्या जात्यावर. भाजणी शनिवारी. गव्हावर बाजरी दळून मिळणार नाही, वाद घालू नये.' विभागीकरण म्हणजे काय, हे मला त्या खडूच्या पाच ओळींत कळले. कोणते धान्य कोणाच्या मागून जात्यात जावे, कोणाचा वास कोणाला लागेल आणि कोणाचा चालेल, याचा पूर्ण विचार त्यात होता. नियम का आहे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होते, कारण बाजरीचा कोंडा लागलेल्या कणकेची पोळी प्रत्येकाने एकदा तरी खाल्लेली होती. दिवाळीत शनिवारची भाजणी रोज दळली जाई, पाटी न पुसता. आणि गिरणीवाल्याने रांग मोडून सूनबाईंचा डबा आधी घेतला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आता हरकतींविषयी. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती व सूचना दाखल करण्यास तीस दिवसांची मुदत असते. आपल्या घरावर क्रीडांगण, भाजी मंडई अथवा रस्ता यांचे आरक्षण 'पडले' आहे, हे लोकांना याच दिवसांत कळते. पडले, हेच क्रियापद सर्वत्र रूढ आहे. गारा पडतात, वीज पडते, धाड पडते, तसे आरक्षण पडते. पडल्यावर दहा वर्षांत ती जागा घेतली गेली नाही तर मालकाने नोटीस द्यावी आणि तीही मुदत टळली तर आरक्षण व्यपगत व्हावे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ज्यांच्या जागेवर शाळा पडली होती त्यांची नातवंडे दुसऱ्या शाळेतून शिकून बाहेर पडली तरी मूळ शाळेची वाट पाहणे चालू असते. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये सरकारने ते नव्याने करावयास सांगितले आणि मंजुरीस २०१८ साल उजाडले. एवढ्या मोठ्या शहराचे असे होते, तर तांदळाच्या कणीने तक्रार काय करावी? तरी मी केली.

आमच्या शहराचा सुधारित आराखडा निघाला तेव्हा मी तीन प्रतींत, आकृतीसह, दिलेले आणि सिद्ध करावयाचे अशी रीतसर मांडणी करून, रेषा सोळा मीटर उत्तरेस सरकवावी अशी हरकत दाखल केली. सुनावणीच्या दिवशी मांडवात आठशे माणसे होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर दक्षिणेच्या सहामजली इमारतीचे सचिव बसले होते. हातात पुठ्ठ्याची फाईल, तिच्यावर झाडाचे चित्र. त्यांची हरकत अशी की, शहरातील हिरवाई झपाट्याने नष्ट होत असून पर्यावरणाच्या रक्षणार्थ तीच रेषा सोळा मीटर दक्षिणेस सरकवावी, म्हणजे माझा भूखंड संपूर्ण हिरवा होऊन त्यांच्या गच्च्यांना वारा कायम राहील. त्यांची इमारत ज्या शेतावर उभी आहे त्या शेतात मी लहानपणी हरभरा खाल्ला आहे, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "हो का? कसा होता?" समितीसमोर आम्हा प्रत्येकास दीड मिनिट मिळाले. दोघांच्याही म्हणण्याची नोंद घेण्यात आली आणि रेषा होती तेथेच राहिली. इतका निःपक्षपाती निर्णय मी शाळेच्या खातेनिहाय चौकशीतही पाहिला नव्हता.

या सर्व काळात माझ्या उत्तरेला काय झाले तेही सांगतो. तेथील संपूर्ण हिरव्या शेताचे कोणीतरी गुंठा-गुंठा करून तुकडे विकले. कोणीही झोन विचारला नाही, समास सोडला नाही, चटई मोजली नाही. चार महिन्यांत पत्र्याची, मग विटांची, मग स्लॅबची घरे झाली, नळ आले, नगरसेवकांच्या नावाची कमान आली आणि गणपती बसला. अशा घरांना नियमाधीन करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला होता. त्यातील मुदतीची तारीख पुढे नेऊन २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० करण्यात आली. अनधिकृत बांधकाम शुल्क घेऊन पदरात घेण्याच्या दुसऱ्या एका कृतीला सरकारी मराठीत 'प्रशमन' म्हणतात. वैद्यकात ज्वराचे प्रशमन होते, पुराणात क्रोधाचे. आता भिंतींचे होते. त्या घरांतील माणसे लबाड नाहीत. दिवसभर कोठेतरी राबून आलेली, रीतसर पिवळी जमीन घेण्याची ऐपत नसलेली ती माणसे आहेत, आणि त्यांना परवडेल असा पिवळा रंग कोणत्याही आराखड्यात मी पाहिलेला नाही. परंतु रात्री त्यांच्या घरांतील दिवे लुकलुकताना दिसतात आणि माझ्या भूखंडावर रीतसर, संपूर्णपणे कायदेशीर, असा अंधार असतो, तेव्हा आमच्या घरातून जो निःश्वास ऐकू येतो त्याचे प्रशमन कोणत्या नियमाने करावे हे मला समजत नाही.

गेल्या पौषात मला झोनचा दाखला मिळाला. 'सदर मिळकत भागशः रहिवास व भागशः शेती विभागात समाविष्ट असून विभागांची प्रत्यक्ष हद्द जागेवर मोजणीअंती निश्चित करण्यात यावी.' मोजणी झाली. मोजणीदारांनी, रेषेला जाडी नाही असे गृहीत धरून, शाईच्या मध्यावरून चुन्याची फक्की ओढली; एवढा भूमितीवर विश्वास असलेला मनुष्य सरकारी नोकरीत आहे, हे पाहून माझे डोळे पाणावले. दक्षिणेकडच्या पिवळ्या भागात समास सोडून दोन खोल्या बसतात. पाया खणून झाला आहे. उत्तरेच्या हिरव्या भागात मी मेथी आणि चार ओळी हरभरा लावला असून, शेती हा वापर तेथे अनुज्ञेय आहे, याची आरेखकांकडे जाऊन खात्री करून घेतली आहे.